उंच बोनेटची

विलीजच्या जुन्या जीपची ठेवण बसकी, दबा धरल्यासारखी. ही तशी नाही. हिच्या शेजारी उभं राहिलं की बोनेट बरगड्यांना लागतं. १९५३ च्या सुमारास विलीज कंपनीने जीपला हरिकेन इंजिन दिलं. त्याचे हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंचावलं आणि ते झाकायला बोनेटही वर उचलावं लागलं. सीजे-३बी म्हणतात ते हे मॉडेल. अमेरिकेत ते मागे पडल्यावरही आपल्याकडे महिंद्राने ते कितीतरी वर्षं बनवलं. मामांची जीप त्यातलीच. समोरून पाहिलं तर डोळ्यांपेक्षा कपाळच जास्त भरतं, आणि त्या कपाळावर, पुढच्या कडेपासून वीतभर मागे, एक भोक आहे.

भोक गोल नाही. बोटभर लांब आणि अर्ध्या बोटाएवढं रुंद. मागच्या टोकाला पत्रा नुसता घासलाय, मग हळूहळू आत वळत गेलाय, आणि पुढच्या टोकाला त्याची चिरफळी होऊन खाली लोंबतेय. वरून सरळ काही पडलं असतं तर असं भोक पडत नाही. पत्र्याला जवळजवळ समांतर येऊन जे आत घुसतं, त्याचंच हे काम. भोकाच्या मागे हातभर अंतरावर रंग भाजल्यासारखा काळवंडलाय. रायफलीच्या नळीचं तोंड तिथे होतं.

हे भोक जिथे पडलं तो कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणारा रस्ता कळे, साळवण, असळज असा कुंभीच्या खोऱ्यातून चढत जातो. पंचावन्न किलोमीटरचं अंतर, पण साळवण सोडलं की हवा बदलते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला रस्त्याच्या खाली उतरत गेलेली भातखाचरं. पुढे गगनगड दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी रस्ता फुटतो. एक फाटा करूळ घाटाने आणि एक भुईबावडा घाटाने कोकणात उतरतो. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचं निम्मं वर्ष पावसात जातं आणि उरलेलं राखणीत. भात पोसवलं की डुकरं येतात. उसात ती दिवसाही मुक्काम करतात. दक्षिणेला राधानगरी-दाजीपूरचं जंगल. १९५८ पासून ते गव्यांचं अभयारण्य आहे, पण गव्याला हद्द कोण दाखवणार? एका रात्रीत कळप येऊन गेला की खाचरात चिखल आणि खुरांचे ठसे राहतात. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर या भागात बंदुका आल्या त्या अशा नुकसानीपायी. हे नुकसान ज्याने सोसलेलं नाही त्याने राखणीच्या बंदुकीला सरसकट नावं ठेवू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

मामांकडे ३१५ बोअरची रायफल होती. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली, बोल्ट मागे ओढून भरायची. तिच्यावर त्यांनी हौसेने दुर्बीण बसवून घेतली होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भात कापणीला आलेलं. रात्री गावाकडे परतताना वळणावर जीपच्या उजेडात खालच्या खाचरात डुकरं दिसली. मामांनी जीपचं तोंड उताराकडे करून दिवे तसेच ठेवले, खाली उतरले, घोंगडं दुमडून बोनेटच्या मागच्या भागावर टाकलं आणि त्यावर रायफल टेकवली. दुर्बिणीत मोठा डुक्कर स्वच्छ दिसत होता. मामांनी घोडा ओढला.

डुक्कर पळाला. जीप मात्र शिट्टी घातल्यासारखी वाजायला लागली आणि जाळीतून वाफेचा लोट निघाला. रेडिएटरची वरची टाकी फुटली होती.

दुर्बीण नळीच्या वर बसवलेली असते, साधारण चार सेंटिमीटर. डोळ्याची रेघ आणि गोळीची रेघ वेगळ्या असतात. त्या एकत्र येतात त्या लांबवर, निशाणाच्या आसपास. नळीच्या तोंडाशी गोळी डोळ्याच्या रेघेच्या चार सेंटिमीटर खालूनच निघते. सपाट माळावर याने काही बिघडत नाही. पण नळीपुढे हातभर पत्रा असेल आणि निशाण उतारावर खाली असेल, तर डोळा पत्रा ओलांडून जातो आणि गोळी पत्र्यात शिरते. त्यातून दुर्बिणीची नजर लांबवर लागलेली असते, म्हणून हातभर अंतरावरचा पत्रा तिच्यात दिसत नाही. दिसलाच तर तळाशी एक अंधूक सावली. अशा रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने निघते. पत्र्याने तिला अडवलं नाही, रेडिएटरनेही नाही. हिचं बोनेट उंच नसतं तर कदाचित हे घडलं नसतं, असं मामा पुढे बरीच वर्षं म्हणत. मला ते कधी पटलं नाही. बोनेटची उंची मामांना रोजची माहीत होती. नळी कुठे पाहतेय हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जीप ट्रॅक्टरला बांधून कोल्हापूरला नेली. शिवाजी उद्यमनगरात रेडिएटर उतरवताना मिस्त्रीने भोकावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मालक, गोळी कुनी घातली?"

"मीच."

मिस्त्री पुढे काही बोलला नाही. त्याने टाकीला पितळी ठिगळ झाळून दिलं. ते ठिगळ अजून आहे, झाळीचा ओघळ त्याच्या कडेला थिजलेला. बोनेट मात्र मामांनी त्याला हात लावू दिलं नाही.

त्याचं कारण मला पुढे एकदा कळलं. मामेभावाने छत्रीची एक लांब काडी बोनेटच्या भोकातून घातली. ती ठिगळाला घासून जाळीच्या फटीतून पुढे आली. जीप त्याच वळणावर, त्याच जागी उभी होती. मामांनी मला काडीच्या मागे डोळा लावायला सांगितलं. काडी डुक्कर उभा होता त्या खाचराकडे बघतच नव्हती. पत्र्यावर घासून गोळी बाजूला वळली होती. काडीची रेघ जिथे जात होती तिथे बांधावर राखणीची खोप होती. खोप रिकामी नव्हती. त्या रात्री तिथे गडी झोपला होता, आणि सकाळी त्यानेच ट्रॅक्टरला दोर बांधायला मदत केली होती. जाळीतून बाहेर पडलेल्या गोळीचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

ही जीप मला माणसासारखी वाटते ती या रेघेमुळे. काय घडलं ते ती अंगावर धरून आहे, आणि मालकाच्या सोयीने तिने त्यात काही बदल केलेला नाही. रानात डुक्कर समजून माणसावरच गोळी झाडल्याच्या बातम्या कोकणात आणि घाटमाथ्यावर आपण वाचतो. त्या बातम्यांत झाडणारा जवळजवळ नेहमी हेच सांगतो, की मला नीट दिसत होतं. मामांनाही नीटच दिसत होतं.

कायद्याच्या बाजूनेही मामांचं चुकलंच होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गाडीतून किंवा गाडीच्या साहाय्याने शिकार करायला बंदी घातली होती आणि डुकरासाठीही परवानगी लागत होती. पीकसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. रात्री दिव्याच्या झोतात जनावर टिपण्याचा नसतो. हा फरक त्या काळी गावोगाव कुणी पाळत नव्हतं. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातली पेंढा भरलेली जनावरं पाहत वाढलेल्या पिढीला शिकार म्हणजे मर्दुमकी वाटायची. मामाही त्याच पिढीतले.

पावसाळ्यात हिचा स्वभाव बदलतो. गगनबावड्याचा पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि त्यातला हिच्या वाट्याचा पाऊस भोकातून थेट आत येतो. खाली पंखा. तो पाणी मागे भिरकावतो, ते डिस्ट्रिब्युटरवर बसतं, टोपीत ओल धरते, आणि ऐन चढाला ही खोकून बंद पडते. मग बोनेट उघडायचं, टोपी काढायची, आतली चार टोकं कोरड्या फडक्याने पुसायची, टोपी क्षणभर पोटाशी धरून ऊब द्यायची, परत बसवायची. मिरग निघायच्या आधी मामेभाऊ भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशनने चिकटवतो. श्रावणापर्यंत तो सुटतोच. नवं बोनेट मिळतं, फार महागही नाही. तो विषय घरात निघतो आणि मामा उठून बाहेर जातात.

रायफल त्यांनी नंतर पोलीस ठाण्यात जमा केली ती परत आणली नाही. गावात अजून काही परवाने आहेत. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि त्या नेण्याचं काम याच जीपकडे येतं. गेल्या खेपेला एका तरुण शेजाऱ्याची रायफल दुर्बिणीची होती. जीप सुटायच्या आधी मामांनी ती रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, बोनेटवर घोंगडं टाकलं आणि त्याला ती टेकवायला लावली.

"दुर्बिणीतनं काय दिसतंय?"

"खालचं खाचर. बांध दिसतोय, मामा."

"आता बोल्ट काढ. हलवू नको. मागनं नळीत बघ."

पोरगा वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"पत्रा," तो म्हणाला.

मामांनी त्याच्या मागच्याला पुढे बोलावलं. मग त्याच्या मागच्याला. सगळ्यांचं बघून होईपर्यंत त्यांनी गाडी सुरू करू दिली नाही, आणि ठाण्यात पोचायला त्या दिवशी दुपार झाली.