घोटभर चव

बंगळुरूत दर रविवारी आम्ही पाच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. खेळ मी चालवतो. २०१४च्या नियमांनुसार सापडलेली जादूची वस्तू विश्रांतीत तासभर हातात धरून बसलं, की तिचे गुण कळतात. औषधाची तर जराशी चव पुरते. मला हे फार स्वस्त वाटे. अंगठी सापडली आणि तासाभरात तिचं गूढ संपलं!

म्हणून मी १९७८च्या पुस्तकातला जुना मंत्र आणला. किमान शंभर सुवर्णनाण्यांचा मोती आणि घुबडाचं पीस वाइनमध्ये भिजवून ती प्यायची, चिमुकला कार्प मासा जिवंत गिळायचा. वर पात्राच्या प्रकृतीचे आठ अंक तात्पुरते गमवायचे. चव घेण्याची सोयही मी काढून टाकली.

झालं असं, की कुणी काही ओळखेना आणि वापरेनाही. पाचव्या रविवारी एका मित्राचं पात्र मेलं. जखमा भरणारं औषध त्याच्याच झोळीत होतं. मी ते हसत हसत सांगितलं.

तो हसला नाही. “आईचा रिपोर्ट घरच्यांनी असाच माझ्यापासून लपवला होता,” एवढंच म्हणाला.

आता तासाभरात वस्तूचा मुख्य गुण कळतो. एखादा दुसरा वापरता वापरता उलगडतो. शाप झाकलेलाच राहतो, तो मूळ नियमांतही सहसा कळत नाही. पण शाप असू शकतो, हे मी आधीच सांगून ठेवतो.

मित्र नवं पात्र घेऊन आला. पहिली बाटली सापडताच त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “घे, चव घे.”