क्रेसेंडोला पोचणं

इंग्रजी वर्तमानपत्रांत टीका, आंदोलनं, निवडणुकीचा प्रचार, सगळं हमखास 'क्रेसेंडो'ला पोचतं. व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या कानाला हे खटकतं. इटालियन भाषेतल्या या शब्दाचा अर्थ 'वाढत जाणारा'. स्वरलिपीत तो दिसला की आवाज हळूहळू मोठा करत न्यायचा. जिथे पोचायचं ते फोर्टे. क्रेसेंडो हा चढ, माथा नव्हे.

पण 'माथा' हा अर्थही आता जुना झाला. फिट्झजेराल्डने १९२५ च्या 'द ग्रेट गॅट्सबी'त मोटारींच्या भोंग्यांचा कल्लोळ असाच क्रेसेंडोला पोचवला होता, आणि शब्दकोशांनीही तो अर्थ नोंदवून टाकला आहे. बोलणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ते आहे हाताशी.

शिकणाऱ्यांच्या कागदावर ती उघडत जाणारी खूण आली, की पहिल्याच सुरावर गज दाबला जातो. मग पुढे वाढवायचं काय? म्हणून खूण सुरू होते तिथे मी पेन्सिलीने 'लहान' असं लिहायला लावते. गज टोकाकडून मुठीकडे येताना हाताचं वजन तारेवर आपसूक वाढतं. तिथे क्रेसेंडो जवळजवळ फुकट मिळतो. उलट्या दिशेला मात्र कसरत आहे. टोकाकडे जाणारा गज हलका होत जातो, म्हणून सुरुवातीला तो पुरवून वापरायचा, मग वेग वाढवायचा, तर्जनीने भार द्यायचा आणि हळूहळू घोडीच्या जवळ सरकायचं. हे सगळं एका सुरात!

दुसरी खोड म्हणजे आवाजाबरोबर लयही पळते. सतारीवरचा वेग वाढत जाणारा 'झाला' ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना त्यात वावगं वाटत नाही. त्यावर मी राव्हेलचं १९२८ चं 'बोलेरो' ऐकवते. सुमारे पंधरा मिनिटं स्नेअर ड्रमचा एकच ठेका, त्यावर आलटून पालटून त्याच दोन धुना. वाद्यांची भर पडत जाते, लय जागची हलत नाही. १९३० साली पॅरिसमध्ये वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीने ते जलद नेलं, तर राव्हेल चिडला होता.

माथा म्हणाल तर अगदी शेवटी: संगीत एकाएकी ई मेजरमध्ये उडी घेतं, परत येतं आणि सगळा डोलारा कोसळतो. स्नेअर ड्रमवाल्याला त्याची फिकीर नसते. त्याला धडकी भरते ती पहिल्या पानाची.