वरच्या अंगाचे पाणी

आमच्या वडिलांनी, ज्यांना घरात सर्व जण नाना म्हणत, सिरोंच्यास शिक्षकी करीत असता चार जाड वह्या भरून ठेविल्या. त्यांत काय नाही? मराठी, तेलुगू व माडिया या तिन्ही भाषांतील शब्द, प्राणहितेच्या पुरांच्या नोंदी, पुष्कराच्या यात्रेतील घरचा जमाखर्च, झाडपाल्याची औषधे, आणि मधूनच एखादी चार ओळींची आठवण. नाना गेल्यावर या वह्या संगणकावर उतरवून घ्याव्या आणि भावंडांच्या प्रत्येक बिऱ्हाडी एकेक प्रत पाठवावी, असे मी मनाशी योजिले. मराठीच्या निवृत्त मास्तराजवळ वेळ असतो, हौसही असते. यंत्राचे ज्ञान मात्र नसते. ती उणीव माझ्या पुतण्याने भरून काढली.

घरातील संगणक २००६ सालचा, ३२ बिटांचा, आणि स्वभावाने माझ्याइतकाच मंद. त्याच्या प्रकृतीस मानवेल असे लिनक्सचे एक लहानसे वितरण पुतण्याने त्यावर बसवून दिले. हे वितरण तो व त्याचे सहा मित्र आपापल्या नोकऱ्या सांभाळून रात्री जागून चालवितात. पैसा कोणासच मिळत नाही. त्याचे नाव मी येथे देत नाही. पुढे जे सांगावयाचे आहे त्यात त्या मुलांचा दोष नाही, आणि उगाच त्यांस संकोच नको.

२०१४ पासून दर हिवाळ्यात मी थोडे थोडे टंकीत गेलो. २०२२च्या जुलैत प्राणहिता व गोदावरी यांना मोठा पूर आला. आमच्या शेतावरील घरात पाणी शिरले आणि तेथे ठेविलेली तिसरी वही त्यात गेली. त्या दिवशी मी आईस मोठ्या ऐटीने म्हणालो, "वही गेली तरी चिंता नको; अक्षर न् अक्षर यंत्रात आहे." हे वाक्य मला पुढे फार दिवस बोचले.

२०२३च्या दिवाळीनंतर वितरणाची नवी आवृत्ती आली. मी ती आज्ञाधारकपणे घेतली. पुढे दोन महिने जुनी पाने उघडावी, एखादा स्वल्पविराम सुधारावा आणि पान जतन करावे, असा माझा क्रम चालला होता. संक्रांतीच्या सुमारास एके संध्याकाळी आईस वाचून दाखवीत असता 'डोंगराच्या दर्या' असे शब्द समोर आले. दर्या म्हणजे समुद्र. डोंगरात समुद्र कोठून? चार ओळींखाली 'अंगणात भार्यांची रास लागली होती' असे वाक्य निघाले. आई खुदकन हसली. माझ्या मात्र पोटात गोळा आला, कारण नानांनी लाकडाच्या भाऱ्यांची रास लिहिली होती.

हा अर्ध्या 'र'चा घोटाळा ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकास दोन रीतींनी सांगता येतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्यास हलन्त द्यावयाचा. दुसरी, साधा र, त्यास हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांस न दिसणारे, शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह. युनिकोडास दोन्ही मान्य आहेत. पहिल्या तीन वह्या मी दुसऱ्या रीतीने टंकल्या होत्या, कारण मला तीच प्रथम शिकविली गेली. चौथीच्या वेळी पहिली रीत कळली होती. नव्या आवृत्तीत असे झाले की पान जतन होताना ते अदृश्य चिन्ह केर म्हणून झाडून टाकले जाई. चिन्ह गेले की र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. चौथी वही सुरक्षित राहिली. पहिल्या तिन्हींतील असे सर्व शब्द बिघडले. आणि पेन ड्राइव्हवरील नक्कल? तीही मी याच दोन महिन्यांत मोठ्या दक्षतेने नवी करून ठेविली होती!

पुतण्या संक्रांतीस आला तेव्हा तिळगूळ हातात देण्यापूर्वीच मी त्याच्यावर तोंड टाकले. "अरे, तुमच्या वितरणाने नानांची वही खाल्ली." तो बिचारा रात्री दोनपर्यंत यंत्रापुढे बसला. सकाळी चहाच्या वेळी म्हणाला, "काका, ही ओळ आम्ही लिहिलेली नाही. ती वरून आली आहे."

'वरून' म्हणजे काय हे सिरोंच्याच्या माणसास फार समजावून सांगावे लागत नाही. आमच्या गावापुढून वाहणारे पाणी आमचे म्हणावयाचे एवढेच. वर्धा मुलताईकडून येते, वैनगंगा शिवनीच्या मुलखातून. चपराळ्याजवळ दोघी मिळून प्राणहिता होतात आणि आमच्यापाशी गोदावरीस भेटतात. आमच्या आकाशात एक ढग नसतानाही नदी चढते, कारण पाऊस दूर भंडाऱ्याकडे पडलेला असतो. संगणकाच्या धंद्यातील लोकही नेमका हाच शब्द वापरतात. ज्यांच्याकडून मूळ आज्ञावली येते त्यांस ते 'अपस्ट्रीम', म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाचे, असे म्हणतात.

मला आजवर वाटे की ही सात मुले आपले वितरण स्वतः लिहितात. तसे मुळीच नाही. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली आरंभिला आणि आज जगभरचे हजारो लोक तो लिहितात. डेबियन नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प १९९३ पासून तो गाभा व इतर असंख्य आज्ञावल्या एकत्र करून, तपासून देतो. आज त्याच्या कोठारात सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत. पुतण्याचे वितरण डेबियनवर उभे आहे. लहानांचेच असे असते असेही नाही. पुण्यास मुख्य ठाणे असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने २००७ साली 'बॉस' हे भारतीय वितरण काढले, तेही डेबियनवरच आधारलेले आहे. मग या मुलांचे काम ते काय उरले? वरून दर आठवड्यास जे लोट येतात त्यांतील कोणते घ्यावे, कोणते थांबवावे, आणि आपल्या खालच्या माणसाचे त्यात काय बुडेल, हे पाहणे. सात जणांनी सत्तर हजार वस्तूंवर नजर ठेवावयाची! कोणाच्या लक्षात दऱ्या-खोऱ्यांचा अर्धा र येणार?

वरून येणारे सर्वच अनिष्ट असते असे मात्र नाही. 'ॲ' या आपल्या अक्षरास युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली, स्वतंत्र जागा मिळाली, तीही वरच्या अंगासच. खालच्या टंकांत ते अक्षर उतरेपर्यंत त्याच्या जागी रिकामी चौकट दिसे, एवढाच त्रास.

माझा पहिला संशय अक्षरे जुळविणाऱ्या आज्ञावलीवर होता. तिला हार्फबझ म्हणतात. हे नाव फारसीतील 'हर्फ' व 'बाझ' या शब्दांपासून केलेले आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाझ' म्हणजे मोकळे. मराठीत हरफ शब्द आहेच, त्यामुळे मला ते परके वाटले नाही. पण दोष तेथे नव्हता. मजकूर साफ करणारे एक लहानसे ग्रंथालय परदेशातील एकच गृहस्थ फावल्या वेळी सांभाळतात. बदल त्यांनी केला होता, आणि तोही विनाकारण नव्हे. अदृश्य चिन्हे घालून खोटी नावे व खोटे पत्ते बनविणारे भामटे असतात, त्यांस पायबंद घालण्यासाठी त्यांनी सर्व अदृश्य चिन्हांवर सरसकट केरसुणी फिरविली. त्यांच्या लिपीत असल्या चिन्हावाचून काही अडत नाही. आमच्या लिपीत अडते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मी पुतण्यास म्हटले, "तू आपल्यापुरते दुरुस्त करून टाक. त्या गृहस्थांशी आपल्याला काय करावयाचे आहे?" त्याने तात्पुरते ठिगळ त्याच दिवशी लावले. परंतु तेवढ्यावर थांबावयास तो तयार होईना. त्याचे म्हणणे असे की, घरचे ठिगळ दर नव्या आवृत्तीस उसवून पुन्हा शिवावे लागते. अशी चाळीस ठिगळे झाली की सात माणसांचा सारा वेळ शिवण्यातच जातो, आणि एखाद्या वर्षी एक ठिगळ विसरले की वही पुन्हा जाते. शिवाय आमच्या वितरणाखेरीज इतरत्र मराठी लिहिणाऱ्यांचे काय? तेव्हा दुरुस्ती वरच नेली पाहिजे. मला हा त्याचा हट्ट वाटला, आणि खोटे कशास सांगू, थोडा रागही आला. वही आमची गेली होती. जगाची काळजी नंतर करता आली असती.

फेब्रुवारीत त्याने पत्र व दुरुस्ती पाठविली. उत्तर नाही. मार्च गेला, तरी नाही. त्या वसंतात अनोळखी माणसाची दुरुस्ती घ्यावयास सारेच का कचरत होते, ते पुढे मला कळले. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने एक गोष्ट उघडकीस आणली होती. एक्सझेड नावाची, फाइली दाबून लहान करणारी आज्ञावली आहे. तीही वर्षानुवर्षे मुख्यतः एकाच थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होती. जिया तान असे नाव घेतलेल्या कोणी दोन वर्षांहून अधिक काळ गोड बोलून, खरोखरचे काम करून त्याचा विश्वास मिळविला आणि मग तीत चोरदार ठेविले. फ्रॉइंड यास संशय आला तो दुसऱ्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो म्हणून! तोवर ते विष पुष्कळ वितरणांच्या चाचणीच्या आवृत्त्यांत पोहोचले होते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोहोचले नव्हते. "आपण मागासलेले राहिलो म्हणून वाचलो," पुतण्या दूरध्वनीवर म्हणाला. त्याचा आवाज त्या रात्री मला थोडा कापरा वाटला.

मे महिन्यात त्या परदेशी गृहस्थांचे उत्तर आले. त्यांनी सभ्यपणे विचारले होते की, चिन्ह गेल्याने केवळ अक्षराचे रूप बदलते की अर्थही बदलतो? बदलत असेल तर उदाहरणे पाठवावी. पुतण्याने ते पत्र मजकडे धाडले आणि खाली लिहिले, "काका, हे काम माझे नाही."

चाळीस वर्षांच्या नोकरीत इतक्या आनंदाने मी कोणताही तक्ता केला नसेल. दर्या आणि दऱ्या. चर्या म्हणजे मुद्रा, चऱ्या म्हणजे शेतातील चर. आर्या हे वृत्त, आऱ्या ही चांभाराची हत्यारे. भार्यांची आणि भाऱ्यांची. आचार्यांना आणि आचाऱ्यांना. अशा वीस जोड्या मी अर्थांसह लिहून पाठविल्या. जूनमध्ये दुरुस्ती स्वीकारली गेली. इतकेच नव्हे, तर माझ्या वीस जोड्या त्या ग्रंथालयाच्या चाचण्यांत कायमच्या बसविल्या आहेत. त्यात कोणी एक ओळ जरी बदलली तरी यंत्र आधी 'दऱ्या'चा 'दर्या' होत नाही ना हे पाहते आणि मगच पुढे जाते. ज्या गृहस्थांस मराठीचे एक अक्षर येत नाही त्यांच्या यंत्रात आता चांभाराच्या आऱ्या रोज मोजल्या जातात. आईस हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "त्यांना भार्यांचा अर्थ नीट कळविलास ना?"

जुन्या यंत्राची कथा मात्र तशी गोड झाली नाही. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची १३वी आवृत्ती निघाली आणि तीत ३२ बिटांच्या संगणकांसाठी गाभा व प्रतिष्ठापक देणे बंद झाले. असे होणार हे आधीपासून जाहीर होते. असली यंत्रे जगातून उठत चालली आहेत, आणि थोड्यांसाठी सर्वांनी किती राबावे यालाही मर्यादा आहे. सातही मुलांनी तीन रात्री वाद घातला. गाभा आपण स्वतः बांधून द्यावा असे दोघांचे मत पडले, पुतण्या त्यांपैकी एक. पण दर महिन्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या कोण करणार, या प्रश्नास त्या दोघांजवळ उत्तर नव्हते. तेव्हा आमचा संगणक जुन्याच आवृत्तीवर राहिला. त्याचे जाळ्याशी असलेले नाते तोडले असून मी त्यावर केवळ वाचतो. नवे लेखन धाकट्या सुनेच्या लॅपटॉपवर चालते, तिची मुले झोपल्यावर.

दुरुस्ती झाली तरी गेलेली चिन्हे परत येत नाहीत. यंत्राकडून सरसकट पालट करविता येत नाही, नाहीतर कार्य, सूर्य, धैर्य हे सारे बिघडतील. म्हणून पहिल्या दोन वह्या आई हातात धरते, मी पडद्यावर पाहतो, आणि शब्दागणिक ताळा घेतो. तिसऱ्या वहीस मूळच नाही. तेथे अर्थावरून ठरवावे लागते. बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. एका ओळीपाशी मात्र आम्ही गेले कित्येक महिने थांबलो आहो. पुष्कराच्या जमाखर्चात नानांनी लिहिले आहे की, समाप्तीच्या दिवशी त्यांना दोन पायल्या तांदूळ व एक धोतरजोडी दिली. 'त्यांना' म्हणजे कोणाला, तो शब्द आता पडद्यावर 'आचार्यांना' असा दिसतो. पलीकडून आलेले आचार्य त्या दिवसांत आमच्या घरी उतरत, हे खरे. बारा दिवस पंगती उठविणारे आचारीही होते, हेही खरे. माझे मत आचार्यांकडे आहे. आई म्हणते, आचार्यांना नाना रोख दक्षिणा देत. चुलीपाशी धोतरे जळत ती आचाऱ्यांची.