चौलच्या खाडीवरचे निजामशाही बंदर

संभाजीनगरकरांचा समुद्र म्हणजे गोवा. दिवाळी झाली की ट्रॅव्हल्सच्या गाड्या भरतात आणि पोर्तुगीजांचे जे काही बघायचे ते जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये बघून लोक परततात. आम्ही यंदा अलिबागच्या पुढचे रेवदंडा आणि कोर्लई गाठले. कारण साधे होते. ज्या निजामशाहीची राजधानी पुढे आपल्या दौलताबादेत होती, तिचे मोठे बंदर म्हणजे हे चौल.

अहिल्यानगर, पुणे, खोपोली, पेण असे करत अलिबागला पोचेपर्यंत चारशेच्या आसपास किलोमीटर होतात. वाटेत अहिल्यानगर, म्हणजे निजामशाहीची जुनी राजधानी अहमदनगर, लागतेच. मलिक अहमदने 1490 साली बहमनींपासून फारकत घेतली आणि घाटावर राज्य थाटले. पण त्याच्या घोडदळाला लागणारे अरबी-इराणी घोडे यायचे समुद्रातून. घाटावरच्या राज्याला चौल हवे होते ते त्यासाठी.

बंदर अर्थात त्याहून कितीतरी जुने. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आपले पैठण आहे, तसे सेमुल्ला या नावाने चौलही आहे. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी 1469 च्या सुमारास भारतात उतरला तो इथेच, आणि मग जुन्नरमार्गे बिदरला गेला.

अलिबागहून चौल ओलांडले की रेवदंडा येते. इथे किल्ला वेगळा शोधावा लागत नाही. डांबरी रस्ता तटातूनच आत शिरतो आणि गाव, शाळा, बाजार सगळे तटाच्या पोटात. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून पायवाटेने गेलो. अंगणात सुपारी वाळत घातलेली, विहिरीवर पंप चालू, आणि त्याच वाडीच्या कडेला चर्चची छप्पर नसलेली भिंत. एका भिंतीच्या सांध्यात वडाने मुळे इतकी घट्ट रोवली आहेत की आता भिंत झाडाला धरून आहे की झाड भिंतीला, हे सांगणे अवघड. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. गावकरी त्याला सातखणी म्हणतात. वरचे काही खण मात्र ढासळले आहेत.

तटाबाहेर पडले की थेट पुळण. वाळू काळपट, भरती आली की पाणी तटाजवळ येते. माणसांची गर्दी नाही. खाडीच्या तोंडाशी कोळ्यांच्या होड्या दिसतात. मार्च 1508 मध्ये याच खाडीत पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातला पहिला मोठा पराभव पाहिला. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अय्याझ एका बाजूला, तर पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा दुसऱ्या बाजूला. माघार घेताना त्याचे जहाज मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खांबांत अडकले आणि तो तिथेच मारला गेला. तोफांनी जे निम्मे केले ते कोळ्यांच्या खांबांनी पुरे केले. पुढच्याच वर्षी बापाने दीवच्या लढाईत त्याचा सूड घेतला.

एवढे होऊनही पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधू दिला तो पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने. अट होती, घोडे येऊ द्यायचे. होर्मुझची नाकेबंदी पोर्तुगीजांच्या हातात होती, म्हणजे घोडेही त्यांच्याच मर्जीवर. हा बुऱ्हाण आणि गोव्यातला प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता यांची तर दोस्ती होती. ओर्ता त्याच्या उपचाराला अहमदनगरला जात असे. पण पुढे मुर्तझा निजामशहाला पोर्तुगीजांवरचे हे अवलंबून राहणे जड जाऊ लागले. त्याने 1570-71 मध्ये रेवदंड्याला महिनोन्‌महिने वेढा घातला. जमिनीवर फौज अफाट, पण समुद्राकडून रसद येतच राहिली आणि शेवटी तह करावा लागला. आरमाराशिवाय बंदर राखता येत नाही, हा धडा घाटावरच्या राज्याला महागात पडला.

साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. दीपगृहाजवळून पायऱ्या चढत जातात. अरुंद सोंडेवर लांबलचक पसरलेला किल्ला. एकामागून एक अकरा दरवाजे. डावी-उजवीकडे पाणी, एका बाजूला खाडी, दुसरीकडे अरबी समुद्र. दुसऱ्या बुऱ्हाणने 1594 मध्ये खाडीचे नाक दाबायला या टेकडीवर तटबंदी उभारली आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ती हिसकावून घेतली. पुढच्याच वर्षी मोगल अहमदनगरच्या वेशीवर आले. या पडझडीतून पुढे आला मलिक अंबर. हबशी गुलाम म्हणून दर्यापारहून आणलेल्या या माणसाने 1610 साली खडकी वसवली, म्हणजे आपले आजचे शहर.

वसईच्या 1739 च्या पराभवानंतर पोर्तुगीजांनी 1740 मध्ये रेवदंडा-कोर्लई मराठ्यांच्या हवाली केले. सत्ता गेली, पण भाषा गेली नाही. कोर्लई गावातल्या हजाराच्या आसपास ख्रिस्ती लोकांच्या तोंडी अजून पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून झालेली बोली आहे. सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशींना विचारले, तर म्हणाल्या, “घरात आमची क्रिस्ती, बाजारात मराठी. चर्चात पण आता मराठीच.” नातवंडे शाळेत जाऊ लागली की बोली मागे पडते, ही त्यांची तक्रार. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ या बोलीचा अभ्यास करायला इथे येऊन गेले आहेत.

गोव्याला जाऊ नका असे नाही. पण तिथे पोर्तुगीजांचा थाट दिसतो; इथे त्यांच्याशी दोस्ती, सौदा, वेढा आणि तह करणारे आपले राज्यही दिसते. पावसाळा टाळा, रेवदंड्याचा तट ओहोटीच्या वेळी बाहेरून चालत बघा, आणि कोर्लईत किल्ला उतरल्यावर गावात थोडे थांबा. दगडी तट अजून शंभर वर्षे उभा राहील. बोलीचे तसे सांगता येत नाही.