ट्यूबलाइटच्या उजेडात लपण्याचे खेळ

स्टेल्थ गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूने शत्रूशी झुंजण्याऐवजी त्याच्या नजरेत न येता आपले काम उरकायचे असते, आणि नेमक्या याच कारणामुळे हा प्रकार शेजारी बसून पाहणाऱ्याला फार लवकर कंटाळवाणा वाटू लागतो. क्रिकेटच्या गेममध्ये चेंडू सीमेपार गेलेला सर्वांनाच दिसतो, मोटारींच्या शर्यतीत पुढे कोण आणि मागे कोण हे विचारावे लागत नाही; स्टेल्थ गेममध्ये मात्र पडद्यावरचे पात्र एखाद्या खोक्यामागे अर्धा मिनिट निश्चल बसून राहते, आणि त्या अर्ध्या मिनिटात पहारेकरी किती पावलांवर वळतो, वळल्यावर कोणत्या बाजूला पाहतो, दुसरा गार्ड जिना उतरून येण्याआधी समोरचे दार गाठता येईल की नाही, असे जे हिशेब खेळणाऱ्याच्या मनात चाललेले असतात, त्यांतले काहीही बाहेरच्याला कळत नाही. घरच्यांना आणि मित्रमंडळींना या खेळांची गोडी लावू पाहणाऱ्याच्या पदरी जी निराशा येते तिचे मूळ बहुधा इथेच सापडते. पाहणाऱ्याला रस नसतो असे नाही. ज्यात रस घ्यायचा ते त्याच्यासमोर आलेलेच नसते.

ही अडचण कोनसारख्या ठिकाणी अधिक ठळक होते. पनवेलजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या या गावात गेल्या काही वर्षांत उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेतून बांधलेल्या २,४१७ घरांची सोडत म्हाडाने डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी काढली. १६० चौरस फुटांच्या दोन जागा जोडून त्यांतले एकेक घर केलेले आहे, आणि ताबा मिळेपर्यंत पुढे आणखी काही वर्षे गेली. एवढ्या जागेत गेम खेळण्याची वेगळी खोली असणे शक्य नसते. टीव्ही एकच असतो, तो हॉलमध्ये असतो, त्याच हॉलमध्ये मुलांचा अभ्यास, भाजी निवडणे आणि आल्यागेल्याचा चहा चालतो, आणि म्हणून जो कोणी गेम खेळतो तो सर्वांसमक्ष खेळतो. स्टेल्थ गेमच्या रचनाकारांनी गृहीत धरलेला खेळाडू काळोख्या खोलीत, कानांना हेडफोन लावून एकटा बसलेला असतो, तर इथला खेळाडू ट्यूबलाइटखाली, पंख्याच्या घरघरीत आणि कुकरच्या शिट्ट्यांत बसलेला असतो. वरवर पाहता ही परिस्थिती अगदीच प्रतिकूल वाटते. पण ज्याला आपली आवड दुसऱ्यापर्यंत पोहोचवायची आहे त्याच्यासाठी तिच्यात एक मोठी सोय दडलेली आहे, ती अशी की प्रेक्षक त्याला बोलावून आणावे लागत नाहीत, ते आधीपासूनच तिथे बसलेले असतात.

आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या मराठी मित्रांच्या बाबतीत ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही, जुनी ओळख आठवून द्यावी लागते. नॉर्वेतील इनरलूप स्टुडिओजने तयार केलेला आणि २००० साली बाजारात आलेला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ हा गेम त्या दशकात आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये भरपूर खेळला गेला, आणि बहुतेकांनी तो धडाधड गोळ्या झाडत खेळला. वास्तविक त्याची रचना तशा खेळण्याला पदोपदी शिक्षा करणारी होती, कारण अलार्म वाजला की छावणीतले सैनिक अंगावर धावून येत, आणि मिशनच्या मध्ये सेव्ह करण्याची, म्हणजे झालेली प्रगती राखून ठेवण्याची, सोय नसल्यामुळे शेवटच्या क्षणी मेलेल्या खेळाडूला पुन्हा पहिल्या कुंपणापासून सुरुवात करावी लागे. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांनी दुर्बिणीतून टेहळणी करणे, कॅमेऱ्याचे तोंड फिरेपर्यंत थांबणे, अलार्मचे बटण आधी कुठे आहे ते हेरणे, हे सगळे नकळत आत्मसात केलेले होते. अशा मित्राला ‘स्टेल्थ’ हा शब्द सांगून काही साधत नाही. आयजीआयमध्ये अमुक छावणीत तू आत कसा शिरायचास, एवढे विचारले की तो आपणहून तासभर बोलतो, आणि त्या बोलण्यातच पुढच्या गेमची निवड होऊन जाते.

घरातल्या ज्या माणसांना अशी कोणतीच आठवण नाही त्यांच्यासाठी मात्र गेम विचारपूर्वक निवडावा लागतो, आणि इथे जाणत्या खेळाडूची आवड बहुधा आड येते. त्याला स्वतःला जो गेम सर्वश्रेष्ठ वाटतो तोच तो सर्वांत आधी पुढे करतो. १९९८ साली लुकिंग ग्लास स्टुडिओजने केलेला ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ हा या प्रकारातला एक शिखरग्रंथ म्हणावा अशा योग्यतेचा आहे, त्यात पडद्याच्या तळाशी असलेला एक मणी खेळाडू किती उजेडात आहे हे सांगतो, संगमरवरी फरशीवर पाऊल वाजते आणि गालिच्यावर वाजत नाही, पाण्याचे बाण मारून मशाली विझवता येतात, आणि बराचसा खेळ डोळ्यांपेक्षा कानांनी खेळायचा असतो. या सूक्ष्मतेविषयी कितीही प्रेम असले तरी ज्या हॉलमध्ये पहारेकऱ्याच्या पावलांचा आवाज रस्त्यावरच्या ट्रकखाली बुडून जातो आणि काळोखा पडदा ट्यूबलाइटमुळे आरशासारखा चमकतो, तिथे तो गेम आईपुढे किंवा मावशीपुढे ठेवणे म्हणजे त्या गेमवरही अन्याय आहे आणि त्यांच्यावरही.

अशा हॉलसाठी अधिक योग्य ठरतात ते पहारेकऱ्याचे मन उघड करून दाखवणारे गेम. १९९८ मध्येच स्पेनच्या पायरो स्टुडिओजने आणलेल्या ‘कमांडोज’मध्ये सगळा प्रदेश वरून तिरकस दिसतो, आणि कोणत्याही शत्रुसैनिकाची नजर कुठवर पोहोचते हे हिरव्या रंगाच्या एका त्रिकोणी पट्ट्याने पाहता येते, त्या पट्ट्याला दृष्टिक्षेत्र म्हणता येईल. जवळच्या फिकट हिरव्या भागात गेलेला माणूस दिसतोच, तर दूरच्या गडद हिरव्या भागातून सरपटत जाणारा माणूस सुटू शकतो. एवढा नियम सांगितला की पाहणारा गप्प राहू शकत नाही. तो पट्टा डावीकडून उजवीकडे झुलताना दिसतो, दुसऱ्या सैनिकाचा पट्टा त्याला कुठे छेदतो ते दिसते, आणि कोणीतरी हमखास म्हणतेच, ‘आता जा, आता जा, तो वळला!’ क्लेई एंटरटेनमेंटच्या ‘मार्क ऑफ द निंजा’ या २०१२ सालच्या गेममध्ये तर आवाजसुद्धा डोळ्यांना दिसतो: पाऊल जोरात पडले की त्याभोवती एक वर्तुळ पसरते, आणि त्या वर्तुळात जो पहारेकरी असेल त्याला ते ऐकू जाते. ज्या घरात टीव्हीचा आवाज वाढवण्यावरून वाद होतात त्या घरात ही एक बाब फार मोलाची ठरते, शिवाय ज्या आजोबांना नीट ऐकू येत नाही त्यांनाही खेळ पूर्णपणे कळतो.

‘आता जा’ असे म्हणणारा माणूस खेळायला लागलेला असतो, फक्त त्याच्या हातात कंट्रोलर नसतो. हे ओळखता येणे ही या सगळ्या उद्योगातली सर्वांत महत्त्वाची जाण आहे, आणि तिचा अभाव असला की घाईने कंट्रोलर त्या माणसाच्या हातात कोंबला जातो. आजच्या कंट्रोलरवर दोन काड्या आणि डझनभर बटणे असतात. एका काडीने चालायचे आणि दुसरीने पाहायचे ही दोन अंगठ्यांची फारकत ज्याने कधी केली नाही त्याला ती शिकायला काही आठवडे लागतात, आणि तोवर त्याच्या बुद्धीला जे कळलेले असते ते त्याची बोटे करू शकत नाहीत. हा अपमान मोठी माणसे मुकाट्याने गिळतात आणि ‘आमच्याने नाही होत बाबा’ म्हणून उठून जातात. त्याऐवजी टेहळणीचे काम त्यांच्याकडे सोपवावे. कोणता गार्ड कुठून येतो ते त्यांनी सांगायचे, वाट त्यांनी ठरवायची, आणि जाणत्याने त्यांचा हात म्हणून चालायचे, चूक दिसत असली तरीही. चुकीच्या वाटेने गेल्यावर पकडले जाणे, आणि मग पुन्हा त्याच जागेवरून दुसरी वाट शोधणे, यात या प्रकाराचा खरा आनंद आहे, आणि जो हा आनंद दुसऱ्याच्या वाट्याला येऊ देत नाही त्याने काहीच शिकवलेले नसते.

ज्यांचे बालपण लालबाग-परळच्या चाळींत गेले आणि ज्यांची कुटुंबे आता कोनला आली आहेत त्यांना हे काम शिकवावेही लागत नाही. डबा ऐसपैस खेळताना राज्य असलेल्या गड्याची नजर डब्यावरून किती वेळ हटते, तो जिन्याच्या कोणत्या बाजूला शोधायला जातो, एकाने मुद्दाम आवाज करून त्याला लांब खेचले तर दुसऱ्याला डबा उडवायला किती अवधी मिळतो, हे सगळे त्यांनी सामाईक गॅलरी असलेल्या, दोन्ही टोकांना जिने असलेल्या इमारतींत अंगाने शिकलेले असते. आवाज करून पहारेकऱ्याला दूर नेणे ही तर आज जवळजवळ प्रत्येक स्टेल्थ गेममधली पहिली युक्ती आहे. लाल महालावरच्या १६६३ च्या छाप्याचा किंवा आग्र्याहून सुटकेचा दाखला देऊन हे खेळ आपल्या रक्तातच आहेत असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु इतिहासाचा अभिमान माणसाला ताठ बसवतो आणि लपण्याचा खेळ त्याला ओणवा व्हायला सांगतो, त्यामुळे ती वाट सहसा फळत नाही. चाळीतल्या जिन्याचा विषय निघाला की मात्र आजोबा खुर्चीत पुढे सरकून बसतात.

परिचित भूमीचा उपयोग आणखी एका प्रकारे होतो. आयओ इंटरॅक्टिव्हच्या ‘हिटमॅन २’ या नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या गेममध्ये एक संपूर्ण मिशन मुंबईत घडते, आणि त्यातल्या तीन लक्ष्यांपैकी एकाचा चेहरा सुरुवातीला ठाऊकच नसतो. गर्दीत वावरून, खुणा जुळवून तो ओळखावा लागतो. या मालिकेतली लपण्याची रीत निराळी आहे: अंधारात दडण्याऐवजी वेश बदलून सर्वांच्या डोळ्यांदेखत फिरायचे, आणि ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो त्या माणसापासून सावध राहायचे, कारण तो त्या वेशातल्या खऱ्या माणसांना ओळखतो. घरच्यांपुढे हे मिशन सुरू केले की पहिला अर्धा तास मुंबई चुकीची कुठे दाखवली आहे आणि बरोबर कुठे, याचीच चर्चा होते, आणि तिला आवर घालू नये. गल्ली, कपडे, पाट्या यांकडे एवढ्या बारकाईने पाहणारी माणसे गुन्हेगारालाही लवकर हेरतात. गिरणीच्या फाटकावर, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या हॉलमध्ये कोण आपला आणि कोण उपरा हे ओळखण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना वेशांतराचा नियम समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

हिंसेची हरकत मात्र खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. हिटमॅनचा नायक भाडोत्री मारेकरी आहे, थीफचा नायक चोर आहे, आणि लहान मुले बसलेल्या हॉलमध्ये हे का, असे ताईने किंवा वहिनीने विचारले तर तिला उत्तर मिळालेच पाहिजे. उत्तर असे देता येते की थीफमध्ये सर्वांत अवघड पातळी निवडली की माणसे मारण्यास मनाई होते, अर्केन स्टुडिओजचा ‘डिसऑनर्ड’ हा २०१२ चा गेम एकही जीव न घेता पूर्ण करता येतो, आणि या प्रकारातले कसबी खेळाडू कोणाला हातही न लावता बाहेर पडण्यातच भूषण मानतात. त्यापेक्षा चांगले उत्तर म्हणजे मेलबर्नच्या हाउस हाउस या छोट्या चमूने २०१९ मध्ये केलेला ‘अनटायटल्ड गूस गेम’ लावणे, ज्यात खेळाडू एक हंस असतो, एका शांत खेड्यात माळ्याच्या किल्ल्या पळवणे आणि मुलाला घाबरवणे अशा खोड्यांची यादी त्याच्याकडे असते, आणि पकडला गेला तर माळी फार तर त्याला हुसकावून लावतो. त्यात मरण नाही, बटणे थोडी आहेत, पुढे दोघांनी मिळून खेळण्याची सोयही त्यात आली, आणि तरीही दृष्टिक्षेत्र, आवाजाने लक्ष वेधणे, पहारेकऱ्याचा ठरलेला फेरा, ही सगळी अंगे त्यात जशीच्या तशी आहेत. सात वर्षांची नात आणि सत्तरीची आजी एकाच वेळी हंस होतात, तेव्हा एकीने कलकलाट करून माळ्याला कुंपणाकडे न्यायचे आणि दुसरीने किल्ल्या उचलायच्या, ही कामाची वाटणी कोणी न सांगता होते.

यानंतर पुढे काय, याबाबत थोडा संयम लागतो. एका गेममध्ये रमलेल्या माणसाला लगेच त्याहून अवघड गेम देऊ नये, आणि विशेषतः आपल्याला ठाऊक असलेला सर्वांत सफाईदार मार्ग दाखवू नये. प्रत्येकाची स्वतंत्र सेव्ह ठेवावी, म्हणजे एकाच्या प्रगतीवर दुसऱ्याचा पाय पडत नाही, आणि सकाळी मुले शाळेत गेल्यावर आईला तिच्या जागेवरून पुढे खेळता येते. तिने माळ्याच्या वाफ्यातून न जाता पलीकडच्या डबक्यातून वाट काढली असेल आणि त्यात वीस मिनिटे जास्त गेली असतील, तर संध्याकाळी तीच वाट तिच्याकडून समजून घ्यावी, आणि जमल्यास आपल्या सेव्हमध्ये ती एकदा चालून पाहावी.