ट्रेमधला बेडूक, खाचरातला बेडूक

बेडूक कापल्याशिवाय प्राणिशास्त्र शिकवता येत नाही, असं मी वीस-बावीस वर्षं वर्गात सांगत आलो. २०११ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना दिल्या, तेव्हा स्टाफरूममध्ये त्याविरुद्ध सगळ्यात चढ्या आवाजात बोलणारा मीच होतो. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं आता स्वतः शिकवतात, म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी ओल्या गोणपाटातून बेडूक यायचे. क्लोरोफॉर्मची बरणी, मग मेणाचा ट्रे, उताणा बेडूक आणि चारी पायांत टाचण्या. छाती उघडली की तीन कप्प्यांचं हृदय अजून धडधडत असायचं आणि मुलं एकदम गप्प व्हायची. त्या शांततेला मी शिकणं समजत होतो. नर कसा ओळखायचा हे सांगताना गळ्याच्या दोन बाजूंच्या सुरकुतलेल्या, काळपट घड्या मी चिमट्याने उचलून दाखवायचो. ‘हे स्वरकोश. जर्नलमध्ये नाव द्या.’ मुलं नाव द्यायची, मी सही करायचो.

विच्छेदन बंद झाल्यानंतरच्या एका जूनमध्ये दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा म्हणाला, “सर, आमच्या खाचरात पिवळे बेडूक आलेत. येता का बघायला?” मला वाटलं, वेगळी काहीतरी जात असेल. रात्रभर पाऊस झाला होता. सकाळी बांधावर पोचलो तर घोटाभर पाण्यात वीस-पंचवीस नर बसलेले, हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेजर्द. हाक मारली की गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळेशार फुगे टरारून यायचे आणि आवाज थांबला की आत जायचे. एक दुसऱ्याच्या अंगावर धावून जात होता, तिसरा दोघांना चुकवून पुढे सरकत होता.

जात वेगळी नव्हती. माझ्या ट्रेमधलाच तो बेडूक होता. जुन्या पाठ्यपुस्तकात राना टायग्रिना, आताच्या नावाने होप्लोबॅट्राकस टायगेरिनस. ज्या घड्यांना मी इतकी वर्षं नाव द्यायला लावलं, त्या निळ्या असतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. विणीचे दिवस सरले की नरांचा पिवळा रंग उतरतो. मुलाचे वडील शेजारी उभे होते. ते म्हणाले, “उन्हाळाभर हे जमिनीखाली असतात. नांगरताना एखादा वर येतो.” माझ्या नोट्समध्ये यातलं एक वाक्य नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि आजही वाटतं.

त्यानंतर मी बेडकांबद्दल पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो. सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठी एक लहानसा निशाचर बेडूक राहतो. त्याच्या शास्त्रीय नावात हुमायुन अब्दुलअलींचं नाव आहे. बेडकांच्या पायांच्या निर्यातीविरुद्ध ज्यांनी आवाज उठवला, तेच हे अब्दुलअली. ती निर्यात १९८७ साली बंद झाली. या बेडकाला नाव मिळालं १९५५ साली, पण त्याचा समागम कसा होतो हे जगाला नीट कळायला २०१६ उजाडलं. सातारा जिल्ह्यातल्या हुंबरळीच्या जंगलात एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस रात्री जागून ते टिपलं. बहुतेक बेडकांत नर मादीला मिठी मारून धरतो. हा धरत नाही. तो तिच्या पाठीवर सैल बसतो, हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, शुक्ररस तिच्या पाठीवर सोडतो आणि बाजूला होतो. मादी अंडी घालते ती त्यानंतर. शिवाय यांच्यात मादीसुद्धा आवाज काढते. सगळ्या सह्याद्रीतले बेडूक ट्रेमध्ये कापले असते तरी यातलं काही कळलं नसतं. त्यासाठी अंधारात, पावसात, ओढ्याकाठी बसून राहणंच हवं होतं.

विच्छेदनातून काहीच शिकता येत नाही, असं मी म्हणणार नाही. हृदयाची रचना मला त्यातूनच कळली. पण ती एकदा कळलेली, शंभरदा छापलेली गोष्ट दरवर्षी नव्या बेडकांचा जीव घेऊन पुन्हा दाखवायची गरज नव्हती. आकृती आणि प्रतिकृतीवर ते भागतं. जिवंत प्राणी कुठे राहतो, कधी बोलतो, काय खातो, कुणाला घाबरतो, हे मी ‘छंद’ म्हणून बाजूला सारलं. ते माझं चुकलं. तोच खरा विषय होता.

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. यंदा पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशीचा तास वर्गात घेऊ नका. मुलांना जवळच्या खाचरावर न्या, बांधावर तासभर गप्प बसवा आणि जर्नलच्या पहिल्या पानावर तारीख, वेळ, किती नर दिसले आणि काय ऐकलं एवढंच लिहायला सांगा.