आजीला समुद्र दाखवायचा होता

सुट्टीतला प्रवास लिहून आणा असे बाईंनी सांगितले. माझा प्रवास २०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतला आहे. पण खरे म्हणजे तो माझा नव्हताच, आजी-आजोबांचा होता. आजीला गाडीच्या पाट्या दिसत नाहीत आणि आजोबांना मोबाईल नीट लावता येत नाही, म्हणून त्यांनी मला बरोबर नेले.

आमच्या आजोबांचा जन्म १९४८ सालचा. आपली एसटी पण १९४८ सालीच सुरू झाली. १ जूनला पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. त्यामुळे एसटी कितीही उशिरा आली तरी आजोबा तिला नावे ठेवत नाहीत. म्हणतात, "माज्याच वयाची हाय, दमत असंल."

आजी-आजोबांचे लग्न १९७४ साली झाले. तेव्हाच आजोबा आजीला म्हणाले होते की तुला गणपतीपुळ्याला नेतो आणि समुद्र दाखवतो. पण कधी म्हैस व्यायला झाली, कधी उसाला तोड आली, कधी आत्याचे लग्न निघाले, कधी विहिरीचे पाणी आटले. असे करता करता पन्नास वर्षे गेली. आजी भांडणात दुसरे काही बोलत नाही. एवढेच म्हणते, "समुद्र दावणार हुतासा न्हवं?" मग आजोबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२४ च्याच मे महिन्यात, कराडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजीला काचबिंदू आहे असे सांगितले. डाव्या डोळ्याने तिला फारच कमी दिसते. डॉक्टर म्हणाले, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळायची. रोज रात्री नऊ वाजता डोळ्यात थेंब घालायचे, एक दिवस चुकवायचा नाही. त्या दिवशी घरी आल्यावर आजोबा जेवले नाहीत. आणि दिवाळीत भाऊबीज झाल्यावर एकदम म्हणाले, "मंगळवारी निघायचं." वडील म्हणाले, ऊस आहे, थोडे थांबा. आजोबा म्हणाले, "ऊस पन्नास वर्षं हाय."

मंगळवार म्हणजे ५ नोव्हेंबर. त्या दिवशी विनायकी चतुर्थी होती. आईने भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून दिल्या. थेंबांची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली, कारण ती गार राहिली पाहिजे. ते फडके सुकले की भिजवायचे, हे काम माझ्याकडे होते. आजीने लग्नातले नव्हे पण जपून ठेवलेले हिरवे लुगडे नेसले. आजोबांनी धोतर, नवी टोपी आणि वडिलांचा स्वेटर घातला. स्वेटर कोकणात कशाला, असे आई म्हणाली. पण आजोबा कुणाचे ऐकत नाहीत.

कराडच्या स्टँडवर चिपळूणची गाडी एक तास उशिरा आली. तिकिटाची गंमत झाली. आजोबांना पंच्याहत्तरच्या वर वय म्हणून फुकट, आजीला बाई म्हणून अर्धे आणि मला लहान म्हणून अर्धे. म्हणजे तिघांत मिळून एकच तिकीट. मी कंडक्टर काकांना विचारले, मी लहान पण आहे आणि मुलगी पण आहे, मग माझे पाव तिकीट का नाही? सगळी गाडी हसली. कंडक्टर काका म्हणाले, "मोठी झालीस की मंत्री हो आणि तसा नियम काढ."

मला खिडकी मिळाली. आजी मधे आणि आजोबा कडेला. मल्हारपेठ गेले, पाटण गेले. उजव्या-डाव्या बाजूला डोंगर जवळ जवळ येऊ लागले. मधेच नदी दिसायची. ती आमचीच कोयना. आमचे गाव कोयनेच्या काठी आहे, आजी अजूनही नदीवर गोधड्या धुवायला जाते. मी प्रत्येक वेळी सांगायची, "आजी, नदी दिसली." आजी म्हणायची, "कुटल्या अंगाला?" आणि मान फिरवून उजव्या डोळ्याने बघायची. तिला मान जास्त फिरवावी लागते.

कोयनानगरला गाडी थांबली. आजोबांनी धरणाकडे हात केला आणि भूकंपाची गोष्ट सांगितली. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि खळ्यात झोपले होते. आधी बैल दावे ओढायला लागले, मग जमीन हलली. खाली बैलगाडी चालल्यासारखा आवाज येत होता म्हणे. कोयनानगरात खूप घरे पडली, माणसे गेली. धरणालाही तडे गेले, पण ते फुटले नाही. नंतर ते आणखी मजबूत केले. ते धरण १०३ मीटर उंच आहे आणि मागच्या तलावाला शिवसागर म्हणतात. आमच्या पुढच्या बाकावर एक काका होते, ते वीज खात्यातून रिटायर झालेले. ते म्हणाले, कोयनेच्या चार टप्प्यांत मिळून १९६० मेगावॅट वीज होऊ शकते.

त्या काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती मला फार आवडली. कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेला लांब जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. पण धरणातले बरेच पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेकडे नेतात. तिथे ते खाली पडते, त्यावर वीज होते आणि मग ते वाशिष्ठी नदीत सोडतात. वाशिष्ठी दाभोळला अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आमची एकच नदी दोन्ही समुद्रांना जाते.

आजी सगळे ऐकत होती. ती आजोबांना म्हणाली, "बघा. पाणी दोन-दोन समुद्राला जाऊन आलं. मी हाय तितंच." आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून आल्याचा तुकडा काढून तिला दिला, कारण पुढे घाट होता.

कुंभार्ली घाट मी कधीच विसरणार नाही. गाडी एवढी वळते की ड्रायव्हर काका स्टिअरिंगवर जवळ जवळ झोपतात. एका बाजूला कडा आणि एका बाजूला दरी. माकडे कठड्यावर ओळीने बसली होती. वरून खाली सगळे कोकण दिसले. लांब लांब निळे निळे होते. आजीने विचारले, "त्यो समुद्र का?" आजोबा म्हणाले, "न्हवं. डोंगरच हाईत, लांबचे निळे दिसत्यात." आजी म्हणाली, "मला काय, निळं दिसलं म्हणून इचारलं." घाटात पुढच्या दोन बायकांना आणि मला उलटी झाली. आजीला झाली नाही. त्याचा तिला फार अभिमान वाटला, ती घरी आल्यावर सगळ्या आळीत सांगत होती.

पोफळीला घाट संपला. हवा एकदम दमट झाली. आजोबांनी स्वेटर काढला, पण घडी करून मांडीवर ठेवला. चिपळूणला पोहोचायला दोन वाजले. स्टँडवर आम्ही भाकरी खाल्ली. पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा या स्टँडातल्या एसट्या पाण्यात बुडाल्या होत्या, लोक छपरावर बसून होते. मी स्टँडच्या भिंतीकडे बघत बसले, पण पाण्याची खूण काही दिसली नाही.

रत्नागिरीची गाडी सव्वातीनला मिळाली. आम्हाला निवळी फाट्यावर उतरायचे होते. इथून पुढे प्रवास वाईट झाला. मुंबई-गोवा रस्त्याचे काम चालू होते. कुठे रस्ता मोठा गुळगुळीत, कुठे नुसती धूळ आणि खड्डे. संगमेश्वरच्या आसपास गाडी मुंगीसारखी चालली. आजोबा सारखे वाकून खिडकीतून सूर्य कुठे आहे ते बघत होते. मला कळत होते ते का बघतात. आजीला उजेडात समुद्र दाखवायचा होता. आजीलाही कळत होते. ती म्हणाली, "आवं, सूर्याला दोरी बांधू नगा. उद्या बी हाय." तरी ते वाकून बघायचे थांबले नाहीत.

निवळी फाट्यावर उतरलो तेव्हा सहा वाजत आले होते. आमच्याकडे कशी वडापची जीप मिळते, तशी तिथे एकही दिसेना. झाडांमागे सूर्य मावळला. आजोबा रस्त्याच्या कडेला पिशवीवर बसले आणि टोपी काढून हातात घेतली. पावणेसातला एसटी आली. ती जाकादेवीवरून अंधारातून गणपतीपुळ्याला गेली. वाटेत काही दिसले नाही, नुसती झाडे.

साडेसात वाजता हॉटेलवर पोहोचलो. वडिलांनी आधी फोन करून खोली ठेवायला सांगितली होती. काउंटरवरच्या माणसाने वही उघडली आणि म्हणाला, "तुमचं नाव सहा तारखेला आहे. आज सगळं फुल्ल आहे." वडिलांनी पाच सांगितले होते, मी तेव्हा शेजारीच उभी होते. मी वडिलांना फोन लावून दिला. त्यांचे आणि त्या माणसाचे बोलणे झाले, पण खोली नव्हतीच. चतुर्थी आणि सुट्टी म्हणून सगळीकडे गर्दी होती. तिथे उभ्या असलेल्या पाहुण्यांची चाकाची बॅग होती, आमची खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. तो माणूस आजोबांना म्हणाला, "बाबा, तुम्ही बाहेर बाकड्यावर बसा ना." मला राग आला. आजी आधीच पायरीवर बसली होती, तिचे गुडघे दुखत होते.

आजोबा बाहेर गेले नाहीत. थोडा वेळ ते उभेच राहिले. मग म्हणाले, "साहेब, लग्नाला पन्नास वर्षं झाली. हिला समुद्र दाखवतो म्हणालो हुतो. हिचा एक डोळा गेलाय. खोली नसली तर नसू दे, पर नऊ वाजता हिच्या डोळ्यात औषध घालायचं हाय, तेवढा उजेड आणि टेकायला जागा द्या."

एवढे आजोबा मी कधी कुणापुढे बोललेले पाहिले नाहीत.

तो माणूस वहीकडे बघत राहिला. मग आत गेला आणि स्वयंपाक करणाऱ्या काकांना घेऊन आला. ते काका म्हणाले, "माझी खोली आहे भटारखान्याच्या मागे. मी गच्चीवर झोपतो." त्यांनी आपली चादर, आरसा आणि देवाचा फोटो उचलला आणि पाच मिनिटांत खोली झाडून दिली. आजोबांनी आणि आजीने आधार कार्डे दाखवली, वहीत सही आणि अंगठा झाला. आजीला सही येते, पण अंधुक दिसते म्हणून ती आता अंगठाच करते.

खोली अगदी लहान होती. एकच कॉट, आणि माशाच्या कढीचा वास. आम्ही माळकरी, पण आजी काही बोलली नाही. काकांनी आम्हाला वरणभात आणून दिला. नऊ वाजता आजोबांनी तिला कॉटवर निजवले आणि दिव्याखाली थेंब घातले. थेंब घालताना ते स्वतःचेच तोंड उघडतात.

मग आजी डोळे मिटूनच म्हणाली, "पाऊस लागला काय?" आजोबांनी मागचे दार उघडले. आकाशात चांदण्या होत्या. पाऊस नव्हता. सुरूच्या झाडांमागून आवाज येत होता, मोठा व्हायचा आणि परत लहान व्हायचा.

आजोबा म्हणाले, "अगं, त्योच हाय."

आजी उठली. वहाणा न घालताच निघाली. आजोबांनी तिचा हात धरला. घरी मी त्यांना हात धरलेला कधी बघितले नाही. मी मोबाईलची बॅटरी लावून पुढे चालले. वाळू गार होती. चतुर्थीची कोर केव्हाच मावळली होती आणि पाणी सगळे काळे होते. मला वाटले, आजीला काय दिसणार. पण लाट फुटली की पांढरी रेघ लांबपर्यंत पळत जायची. आजी मान फिरवून बघत होती. "पांढरं पांढरं हालतंय, त्ये दिसतंय मला," ती म्हणाली. "लई लांब हाय वं."

एक लाट तिच्या घोट्यापर्यंत आली. ती दचकली आणि हसली. मग वाकून तिने बोटे बुडवली, जिभेला लावली आणि म्हणाली, "आपल्या नदीचं पाणी ह्यात कुटं हाय?" आजोबा म्हणाले, "उद्या उजेडात बघू."

ते दोघे ओल्या वाळूपासून थोडे मागे बसले. आजोबांनी स्वेटर आजीच्या खांद्यावर टाकला. मला फार झोप येत होती म्हणून मी खोलीवर परत आले आणि दार उघडेच ठेवले. ते कधी आत आले ते मला माहीत नाही.